पॅपनी दाखवलेला वारा

हरणाच्या शिकारीला जाऊन तंबाखू ओढली तर हरीण बिथरतं का, हा वाद पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनमध्ये दर नोव्हेंबरला नव्यानं उकरला जातो. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत, आणि मी श्वसनविकाराच्या रुग्णांना व्यायाम शिकवते तिथंही. दोन्ही बाजूंना जंगलात उमर घालवलेली माणसं असतात. एक सांगतो, सिगारेट ओठांत होती तेव्हाच मोठा नर पुढ्यात येऊन उभा राहिला. दुसरा लोकरीचा कोट आठवडाभर अंगणात वाळत टाकतो, कपड्यांना बिनवासाचा साबण लावतो आणि शिकारीच्या दिवशी धुराच्या जवळही जात नाही. मला पटलेलं उत्तर ज्यांनी दिलं त्यांना मी पॅप म्हणायचे. पश्चिम पेनसिल्व्हेनियात आजोबांना पॅप म्हणतात. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. शेजारी होते.

पॅपची सगळी नोकरी पोलादाच्या कारखान्यात गेली. १९९२ साली बेथलेहेम स्टीलनं इथलं काम बंद केलं आणि डोंगरांच्या बेचक्यातलं हे गाव झपाट्यानं रिकामं होत गेलं. पॅप राहिले. मी कोल्हापूरहून इथं आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ न सांगता काढायला सुरुवात केली आणि एका संध्याकाळी पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस दारात आणून दिलं. परक्या गावात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या जेवणाची चौकशी केली होती. मी त्याला आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला लावला आणि रस्सा करून त्यांच्याकडे घेऊन गेले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी वाटी पुसून खाल्ली.

शिकार म्हटलं की माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. आमच्याकडे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या काळात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत, त्याच्या ऐकलेल्या कथा. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गुन्हा ठरलेलं कृत्य. पॅपनी मला तिसरी गोष्ट दाखवली. १९०० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्यानं गेम कमिशन नेमलं, पुढं बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, माद्या मारण्यावर बंदी घातली. हरणं वाढली, इतकी की नंतर जंगलातली कोवळी रोपंच उरेनात. आता परवाना, टॅग, ठरलेला हंगाम, आणि छाती-पाठ-डोकं मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर हवंच. माणसाला ते लांबून दिसतं, हरणाला त्या रंगाचा भडकपणा कळत नाही. मी त्यांच्या सांगण्यावरून रीतसर शिकारीचा सुरक्षा-वर्ग केला. परीक्षेच्या आदल्या रात्री ते माझ्या स्वयंपाकघरात बसून मला प्रश्न विचारत होते.

पॅप पाइप ओढायचे. हंगामाचा पहिला दिवस तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार असे; शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी येतो, आणि जुनी माणसं अजून त्यावर नाराज आहेत. अशाच एका सोमवारी लॉरेल रिजच्या उतारावर, ओकच्या झाडांत, आम्ही अंधारातच जाऊन बसलो होतो. पाइप त्यांनी खाली गाडीपाशीच पेटवून घेतला होता. वर काडी ओढायची नाही, हा त्यांचा नियम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका काडीच्या उजेडात ती सगळी कमाई जाते. शिवाय काळोखात ती ज्योत लांबवर दिसते.

त्यांनी एक झुरका सोडला आणि माझ्या दंडाला बोट लावून धुराकडे बघायला लावलं. माझ्या कल्पनेप्रमाणे धूर वर जायला हवा होता. तो आमच्या गुडघ्यांवरून ओघळत उताराखाली निघाला. रात्रभर थंड झालेली जड हवा डोंगरावरून दरीत उतरत असते. दरीतल्या शेतांत रात्री चरलेली हरणं पहाटे वर झोपायला येतात, म्हणजे आमचा वास नेमका त्यांच्या वाटेवर चालला होता. पॅप उठले, पाइप विझवून खिशात टाकला आणि आम्ही एक ओहळ ओलांडून बाजूला जाऊन बसलो. पुढं ऊन उतारावर आलं तेव्हा हवेनं तोंड फिरवलं आणि ती वर चढू लागली. हे मी स्वतः बघितलं नसतं तर पुस्तकात वाचून कधीच पटलं नसतं.

"धूर जातो तिथं तू जातेस," ते खाली आल्यावर म्हणाले. "हरणाला तंबाखूचं काय? या दरीत घरोघरी लाकडाच्या शेगड्या आहेत, धूर त्यांना रोजचाच. त्यांना माणूस नको असतो."

मला हे पूर्ण पटतं. हरणाचं ओलं नाक हवेतले वासाचे कण धरून ठेवतं. माणसाचा घाम, कातडी, श्वास, बूट, सगळं त्याच्यापर्यंत पोचतं, आणि वारा त्याच्याकडे असेल तर तंबाखू न ओढणाराही लपत नाही. वारा आपल्या तोंडावर असेल तर पाइपचा वास मागं जंगलात जातो, हरणाकडे नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या गोष्टी खऱ्या असतात. सिगारेट ओढणाऱ्यासमोर नर येतो, आणि साबणानं घासून आलेल्याच्या समोरून मादी पाय आपटून, फुरफुरून, पांढरं शेपूट उभारून पळते. हरीण हलणाऱ्या हाताला फार लवकर टिपतं. ओठांपर्यंत सिगारेट नेणारा हात त्याच्या नाकाआधी डोळ्याला खटकतो. हे सगळं पॅपनी एका दिवसात सांगितलं नाही. बहुतेक वेळा ते बोलतच नसत. बोट दाखवत.

पण मी तेव्हा ज्या पेशात होते आणि आजही आहे, त्यामुळे मला दुसरंही काही ऐकू येत होतं. चढताना ते थांबायचे. प्रत्येक थांब्याचं कारण ते एखाद्या झाडात शोधायचे: इथं नरानं शिंग घासलंय बघ, इथं ओकची फळं पडलीत. त्यांना झाड दाखवायचं नव्हतं, दम घ्यायचा होता. आणि बसल्यावर खोकला. मिटल्या ओठांत, कोटाच्या बाहीत दाबलेला, पण शांत सकाळी तो शंभर पावलांवर पोचतो. धुरामुळे त्यांचं हरीण गेलेलं मी पाहिलं नाही. खोकल्यानं गेलेलं पाहिलं.

कारखान्याची धूळ आणि पाइप, दोन्हींनी मिळून त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत. तंबाखू सोडली तर पुढची घसरण मंदावते, एवढंच आपल्या हातात असतं. मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार करून विचारलं, मग वारा कशानं बघायचा?

उत्तर आम्ही दोघांनी मिळून शोधलं, खरं तर त्यांना ते लहानपणापासून ठाऊक होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या माळांवर मिल्कवीडची बोंडं फुटतात. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती, आणि हिच्याही बियांना तशाच रेशमी म्हाताऱ्या. त्यातली एक सोडली की ती धुरापेक्षा कितीतरी लांब दिसत राहते. झाडांमध्ये हवा कुठं वळसा घेते, कुठं घोटाळते ते सगळं सांगते. पॅपनी पाइपच्या तंबाखूची जुनी डबी धुऊन तीत म्हाताऱ्या भरल्या. पाइप त्यांनी त्या शरद ऋतूत सोडला. सोपं गेलं नाही. चिडचिड करायचे, माझ्यावरही.

बदल्यात मी त्यांना चालायला लावलं. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा, चार पावलं, पुन्हा श्वास. नोव्हेंबरात ते डोंगराच्या पहिल्या सपाटीपर्यंत चढले. वरच्या जुन्या जागेपर्यंत नाही. त्या सपाटीवरच, त्यांनी सोडलेली म्हातारी आमच्या मागं तरंगत जात असताना, खालून आलेली मादी मी टिपली. माझे हात थरथरत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पडली तिथं जाण्याआधी मला पुरता वेळ थांबायला लावलं. मांसाचे अर्धे पुडे त्यांनी गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या बायकांकडे माझ्याच हातून पोचवले. गावानं मला ओळखायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पॅप आता नाहीत. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्यांत अर्धे तरी शिकारी असतात, आणि सिगारेट सोडा म्हटलं की मान हलवून घरी जाणारेही त्यांतलेच. मी त्यांना आधी त्यांची जागा विचारते: डोंगरावर कुठं बसता, किती चढ आहे, वाटेत किती वेळा थांबता. मग हंगामापासून मागं मोजत ऑगस्टमध्ये व्यायाम सुरू करते, आणि चालण्याच्या पट्ट्याचा चढ त्यांच्या डोंगराएवढा होईपर्यंत दर आठवड्याला थोडा वाढवत नेते. गेल्या हंगामानंतर त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. हरीण मिळालं नव्हतं. पण दोन वर्षांनी तो आपल्या जुन्या झाडापर्यंत पोचला होता, आणि मिल्कवीड नेमकं कुठल्या माळावर मिळतं ते त्याला विचारायचं होतं.