जमिनीवर दोन थापा

आमच्या घरातील तिसऱ्या पिढीचे एक चिरंजीव, म्हणजे माझ्या पुतण्याचा मुलगा, रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर बसून हातातील मोबाईलमध्ये दोन उघड्याबंब पुरुषांचे द्वंद्व मोठ्या तन्मयतेने पाहात असतो. एके दिवशी मी डोकावलो तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध सगळं एकत्र. तुमच्या वेळी हे नव्हतं." आमच्या वेळी काय नव्हते याची यादी आजकालच्या मुलांना तोंडपाठ असते, म्हणून मी नुसता हसलो. वास्तविक १९८७ सालच्या चैत्रात, नीरा नदीच्या काठच्या एका गावी, असल्याच एका लढतीची नियमावली प्रस्तुत लेखकानेच लिहिली होती. घरात ही गोष्ट माझ्या पत्नीस तेवढी ठाऊक आहे. आणि तिलाही अर्धीच.

त्या काळी मी इंदापूर तालुक्यातील एका शाळेत संस्कृत व मराठी शिकवीत असे. बारामती-इंदापूरचा हा टापू मूळचा दुष्काळी. नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आला, साखर कारखाने आले, आणि उसाच्या पैशाबरोबर यात्रांतील कुस्त्यांचे फडही वाढले. बारामती म्हटली की माझ्यासारख्या शिक्षकास मोरोपंत आठवायचे. परंतु गावोगावच्या पारावर आर्यांपेक्षा एकेरी पटाची आणि ढाकेची चर्चा अधिक रंगे, हे कबूल केले पाहिजे. मलाही तिची गोडी लागली. माझा आवाज खणखणीत, म्हणून यात्रा कमिटीने माझ्यावर जोड पुकारण्याचे काम सोपविले. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत दुपारभर उन्हात उभे राहून मी मल्लांची नावे पुकारीत असे. त्यांत माझे विद्यार्थीही असत. विभक्तिप्रत्ययांत गडगडणारा मुलगा हौदात कलाजंग मारताना पाहिला की त्याचे गुण वाढवावेत असे वाटे. वाढविले मात्र नाहीत.

मल्लविद्येचा आपल्या वाङ्मयाशी असलेला संबंध मला पहिल्यापासून मोहवीत आला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, पाण्यातील श्रम, स्तंभावरील श्रम, सारे त्यात आले आहे. अमरकोशात बाहुयुद्धास 'नियुद्ध' असा नेटका शब्द आहे. हे सारे मी तालमीच्या वस्तादांना सांगे आणि ते डोळे मिटून ऐकत. झोपत असावेत अशी शंका मला पुढे पुढे येऊ लागली.

अशा या मुलखात साधारण १९८० नंतर कराटे शिरले. ब्रूस ली हा नट १९७३ सालीच निवर्तला होता. पण व्हिडिओच्या कृपेने आमच्या तालुक्यात त्याचा अवतार दहा वर्षे उशिरा झाला. पुण्याहून आठवड्यातून दोन दिवस एक तरुण शिक्षक येऊ लागला. पांढरा पोशाख, काळा पट्टा, वागणे अत्यंत विनयशील. ज्युदोही त्याला उत्तम येत असे. लवकरच पारावर वाद सुरू झाला, पैलवान भारी की कराटेवाला? दोन्ही पक्षांचे गुरू या वादापासून दूर होते; पण यात्रा कमिटीने तो उचलला आणि पाचशे एक रुपये व फेटा असे इनाम लावून जोड ठरविली.

पैलवानांच्या बाजूने उभा राहिला तो माझा जुना विद्यार्थी. वय वीस. बाप लहानपणीच गेलेला. आई दोन म्हशींच्या दुधावर घर चालवी आणि त्यातले शेर-दोन शेर दूध पोराच्या खुराकासाठी ठेवी. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या त्या पोराचे सारे लक्ष सैन्यभरतीकडे होते. कुस्तीवर सैन्यात जावे आणि आईला पक्के घर बांधून द्यावे, एवढाच त्याचा बेत.

खरी मौज, आणि खरा घोटाळाही, पडद्यामागे झाला. नियम ठरविण्यासाठी तालमीत बैठक भरली, तिचा चिटणीस मी. पहिला तंटा वस्त्रांचा. ज्युदोचे निम्मे डाव अंगरख्याच्या आधाराने चालतात, तेव्हा कराटेशिक्षकाला अंगरखा हवा, वस्ताद म्हणाले, "मातीत कापडं घालून कोण उतरतंय?" दोघांनी उघड्या अंगाने लढावे असे ठरले. मुठीने तोंडावर मारायचे नाही, लाथ कमरेखाली, बोटे पिरगाळायची नाहीत, डोळ्याला हात लावायचा नाही, हेही पटापट झाले. कमिटीतल्या एका सभ्य गृहस्थाने, "आतून बरोबरीत सोडवायचं ठरवा, म्हणजे कुणालाच लागायला नको," अशी सूचना केली. वस्तादांनी त्यांच्याकडे असे पाहिले की नुरा कुस्तीचा तो विषय तिथेच संपला.

गाडे अडले ते हारजितीवर. आमच्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल. हरणाऱ्याला काही बोलावे लागत नाही. त्याच्या वतीने मातीच बोलते. कराटेशिक्षक मोठ्या अदबीने म्हणाला, "वस्ताद, आमच्यात पाठीवर पडून लढाई सुरू होते." वस्ताद स्तब्ध झाले. मग म्हणाले, "मंग माणूस हरला हे कळायचं कसं?"

"तो स्वतः सांगेल."

"पैलवान तोंडानं हरलो म्हणत न्हाई."

तेव्हा मी माझे पांडित्य पुढे केले. "तोंडाने नको, हाताने सांगावे." कराटेशिक्षकाने लगेच दुजोरा दिला, ज्युदोतही अशीच रीत आहे म्हणाला. मी झोकात कलम लिहिले: 'जो योद्धा लढण्यास असमर्थ होईल त्याने तळहाताने भूमीवर दोन वेळा आघात करावा.' पाठोपाठ नववे कलम घातले, की पंचाच्या आज्ञेवाचून हौदाबाहेरील कोणीही लढत थांबवू नये व घंटा वाजवू नये. घंटा माझ्याच हाती राहणार होती. यात्रेतील उत्साही मंडळींचा अनुभव असल्यामुळे हे कलम मला फार शहाणपणाचे वाटले. घरी येऊन मी नियमावली पत्नीला वाचून दाखविली. ती म्हणाली, "अहो, हे त्या पंचांना वाचून दाखवलंत का?" पंच म्हणजे पंचक्रोशीतील एक जुने, नामांकित मल्ल. मी कागद त्यांच्या हाती दिला होता. त्यांनी तो कपाळाला लावून खिशात ठेवला होता. हे उत्तर मला पुरेसे वाटले, तिला वाटले नाही.

यात्रेच्या दिवशी तांबडी माती ताक-तेल घालून मळलेली, हलगीचा कडकडाट, माणसे बाभळीवर चढून बसलेली. शाळेचे घड्याळ आणि शाळेचीच घंटा घेऊन मी हौदाच्या कडेला बसलो. पहिली चार-पाच मिनिटे दोघे एकमेकांभोवती फिरत राहिले. कराटेशिक्षकाची लाथ दोनदा मांडीवर बसली, तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. मग माझ्या विद्यार्थ्याने वाकून असा एकेरी पट काढला की प्रतिपक्षी उताणा पडला. पाठ लख्ख मातीला! सारा फड उठून उभा राहिला. फेटे उडाले, हलगी बेभान झाली. कुस्ती जिंकली असे पाच हजार डोळ्यांना दिसले.

पण लढत कुस्तीची नव्हती. उताण्या पडलेल्या त्या माणसाने वर आलेल्या मुलाचा उजवा हात दोन मांड्यांत धरला, मनगट छातीशी ओढले आणि कंबर उचलली. कोपर उलट्या दिशेने ताणला जाऊ लागला. मुलाने डावा तळहात मातीवर मारला. एकदा, दोनदा. हलगीत तो आवाज बुडाला. पंच वाकून पाहात होते, त्यांना हात दिसला. पण लढता लढता मल्ल पकड घट्ट व्हावी म्हणून माती उचलून अंगाला चोळतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. त्यांनी मान डोलावली. मुलाने पुन्हा थाप मारली. ती मी पाहिली. मी चार हातांवर होतो, माझ्या उजव्या हातात घंटेचा टोला होता, आणि माझ्या डोक्यात नववे कलम होते.

तीन सेकंद गेले असतील, फार तर चार. घड्याळ माझ्याच हाती होते, पण त्याकडे मी पाहिले नाही. मग ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कराटेशिक्षकाने त्याच क्षणी हात सोडला. मातीकडे पाठ असल्यामुळे त्याला थापा दिसल्या नव्हत्या. त्याने मुलाचे डोके मांडीवर घेतले आणि तो रडू लागला.

पुढचे सांगणे मला अजून अवघड जाते. लोक हौदात घुसले, पाठ लागली होती म्हणून त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला विजयी ठरविले, त्याच्या डोक्यावर फेटा बांधला आणि खांद्यावर घेतले. हात लोंबकळत होता. ग्रीसमधील ऑलिंपिक खेळांत इसवी सनापूर्वी ५६४ साली अर्राखिऑन नावाचा मल्ल गळा आवळला जाऊन मेला. पण त्याच क्षणी पायाच्या वेदनेने प्रतिपक्ष्याने हार मान्य केल्यामुळे विजयाचा मुकुट त्या प्रेताला घालण्यात आला, अशी हकीकत आहे. पुढे ती वाचली तेव्हा मला तो फेटा आठवला.

हात आधी हाडवैद्याकडे गेला, दोन दिवसांनी दवाखान्यात. कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही. वर्षभराने तो भरतीला गेला. धावण्यात पहिल्या रांगेत आला आणि वैद्यकीय तपासणीत परत आला. पण त्याआधी, त्या यात्रेच्या रात्रीच, मी त्याच्या घरी गेलो असता आई पाणी आणण्यास आत गेल्याचे पाहून तो मला हळूच म्हणाला होता, "गुरुजी, मी थाप मारली हे कुणाला सांगू नका." मी होय म्हटले. वचन पाळले म्हणून मी स्वतःला बरेच दिवस चांगला माणूस समजत असे. त्या वचनाने माझीही सोय झाली होती, हे ध्यानी यायला काळ लागला. थाप कोणी मारलीच नाही, तर ती पाहून गप्प बसलेला मनुष्य तरी कोठून असणार? दुसऱ्या दिवशी पंचांनी मला विचारले, "मास्तर, पोरगं काही खूण करत हुतं का?" मी म्हटले, माझे लक्ष घड्याळाकडे होते.

पुढे जग बरेच पुढे गेले. मुंबईत अंधेरीला २०१२ साली या मिश्र लढतींचा मोठा सामना दिव्यांच्या झगमगाटात झाला. २०१७ साली मुंबईचा भरत खंडारे हा कुस्तीत मुरलेला मल्ल शांघायला या खेळाच्या जागतिक मंचावर उतरला आणि गळ्याच्या पकडीत हरला. हे सारे मला चिरंजीवांकडून कळते. गेल्या पावसाळ्यात माझा तो जुना विद्यार्थी बारामतीस घरी आला असताना चिरंजीवांनी आम्हा दोघांना अमेरिकेतील डेन्व्हर शहरी १२ नोव्हेंबर १९९३ रोजी झालेली एक जुनी लढत दाखविली. या खेळाची तिकडील ती सुरुवात. नियम आमच्या नियमावलीहूनही कमी. रॉइस ग्रेसी या ब्राझीलच्या मल्लाने केन शॅमरॉक याला पकडीत घेतले, शॅमरॉकने थाप मारली, आणि पंचाला ती दिसलीच नाही! त्याने दोघांना लढत चालू ठेवण्यास सांगितले. तेव्हा शॅमरॉकने स्वतःच आपण हरल्याचे मान्य केले.

माझा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. त्याने ते दृश्य पुन्हा लावावयास सांगितले. मग चिरंजीवांकडे वळून म्हणाला, "मी पण मारली होती थाप. चार वेळा. विचार तुझ्या आजोबांना."

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "होय. मी पाहिली होती." तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच उच्चारले. विद्यार्थी खाली पाहून म्हणाला, "मला ठाऊक होतं, गुरुजी. मी तुमच्याकडंच बघत होतो."

आत पत्नी चहा गाळीत होती. भांड्याचा आवाज थांबलेला मला कळला.

तो आता गावी स्वतःची तालीम चालवितो. निम्म्या जागेत माती, निम्म्यात गादी. मुलगे येतात, मुलीही येतात. शिकविताना त्याचा उजवा हात कोयत्यासारखा वाकडा राहतो आणि लहान मुले त्याची नक्कल करतात, असे तोच हसून सांगत होता. त्या दिवशी तो आला होता तो कामासाठी. तालमीच्या भिंतीवर लावण्यासाठी त्याला नियम लिहून हवे होते. चहा झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. पहिले कलम त्यानेच सांगितले: थाप ज्याला दिसेल त्याने, मग तो पंच असो की पाणी देणारे पोर असो, मोठ्याने 'थांब' ओरडायचे. ते मी जसेच्या तसे उतरविले. दुसरे माझ्या पद्धतीने लिहिले आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने डाव्या हाताने चष्मा सावरून वाचले.

"गुरुजी, 'भूमीवर आघात करावा' असं नका लिहू. पोरं गुद्दे घालत बसतील. 'थाप मारावी' लिहा."

मी ते खोडून तसे लिहिले.