अखातेसचा दगड

माझ्या टेबलावर एक मणी आहे. करवंदाएवढा, किंचित लांबट, काळपट लाल. दिव्यासमोर धरला की आत उजेड शिरतो आणि पिकल्या जांभळाच्या डागासारखा रंग बोटांवर उतरतो. नीट पाहिलं तर पोटात तीन पांढरट रेघा आहेत, केसाहूनही बारीक, एकीला लागून एक. भोक मात्र अगदी मधोमध नाही, एका बाजूला जरा सरकलेलं. हा अकीक. खंभातचा. आणि याच दगडाला ग्रीक भाषेनं जे नाव दिलं, तेच नाव रोमच्या महाकाव्यातल्या एका मित्राचं आहे. अखातेस.

मी भुसावळकडचा. नोकरीसाठी सुरतेला आलो आणि हजिऱ्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. आता इच्छापोरला राहतो. गच्चीवरून हजिऱ्याचा रस्ता दिसतो, रात्रभर मालट्रकांची रांग दिसते. पलीकडे तापी समुद्राला मिळते. लहानपणी जिच्यात पोहायला शिकलो तीच ही नदी. खानदेशातून निघालेल्या आम्हा कितीतरी घरांना तिनंच इथवर आणलं असं मला वाटतं.

प्रयोगशाळेत माझ्या हाताशी अकीकाचा एक खल होता. साध्या दगडाचा, पोलादाचा किंवा चिनी मातीचा खल वापरला की घासताना त्याचा अंश नमुन्यात उतरण्याची धास्ती असते. अकीक कठीण, काचेवर ओरखडा काढणारा, शिवाय त्याच्या अंगाला छिद्रं जवळजवळ नाहीतच. कितीही घोटा, तो स्वतःचं जवळजवळ काही मिसळू देत नाही. नमुना नमुन्यासारखाच राहतो. त्या खलात बारीक करून देणारा आमचा सहायक मूळचा खंभातचा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला साहेब. खल धुऊन पुसून तो उजेडाकडे धरायचा आणि एकदा तळहातानं आतून चाचपायचा. ती चाचपण्याची पद्धत त्याच्या घरातली होती, हे मला फार उशिरा कळलं.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. सुरत बुडाली, तसे आम्हीही बुडालो. बायको, मुलगी आणि मी गच्चीवर. खाली पुस्तकं, पीठ, गादी सगळं गढूळ पाण्यात. शेजाऱ्यांनी दिलेली काडेपेटी होती, पण काड्यांची डोकी गळून चिखल झालेली. तिसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. छातीपर्यंत भिजलेला भाई वर आला. डोक्यावर स्टीलचा डबा होता, डब्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली दुधाची पावडर, चहा, साखर आणि अगदी आत, दुहेरी गुंडाळलेली कोरडी काडेपेटी. काखेत वातीचा स्टोव्ह. विचारपूस नाही, हळहळ नाही. स्टोव्ह पुसला, वात वर केली, काडी ओढली. मग म्हणाला, "भाभी, पहेलां चा मूको." आधी चहा ठेवा. त्या निळ्या ज्योतीकडे पाहताना माझ्या बायकोला रडू आलं. तीन दिवसांत ती रडली नव्हती.

पुढे काही वर्षांनी मुलीच्या कॉलेजचं पुस्तक म्हणून व्हर्जिलचं 'ईनिड' घरात आलं, इंग्रजी भाषांतर. मी सहज चाळायला घेतलं आणि पहिल्याच सर्गात थांबलो. ट्रॉय जळालं आहे. ईनियस उरलेल्या माणसांना घेऊन समुद्रावर निघाला आहे. वादळात जहाजं फुटली, वाचलेली आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. माणसं खारट पाण्यानं निथळत वाळूवर पडली आहेत. आणि तिथे अखातेस पहिल्यांदा दिसतो. तो काय करतो? गारेच्या दगडातून ठिणगी पाडतो, ती वाळल्या पानांत धरतो, वर काटक्याकुटक्या घालतो आणि फुंकून जाळ करतो. मग भिजलेलं धान्य शेकायला निघतं. मी पुस्तक मिटून तसाच बसलो. मला अडाजणची गच्ची दिसत होती.

त्या महाकाव्यात अखातेसच्या वाट्याला फार थोडं आलं आहे. तो ईनियसचे धनुष्यबाण वागवतो, आणि तिथेच व्हर्जिल त्याला 'विश्वासू' म्हणतो. ते विशेषण पुढे त्याला इतकं चिकटलं की युरोपातल्या भाषांत 'विश्वासू अखातेस' म्हणजे सावलीसारखा सोबती असा शब्दच झाला. अनोळखी प्रदेश बघायला ईनियस निघतो तेव्हा बरोबर एकटा अखातेस. देवीनं दोघांना धुक्यात लपवलं, तर धुक्यातही तो बरोबर. साऱ्या प्रवासात दूरवर इटलीचा किनारा दिसला तेव्हा पहिली आरोळी त्याची. बोलणं म्हणाल तर एकदाच, चार ओळींचं, आणि त्यातही सांगायचं एवढंच की माणसं सापडली, जहाजं सुखरूप आहेत, एकच आपण बुडताना पाहिला. हजेरी घेतल्यासारखं. त्याचं घर, बायको, त्याचे मनसुबे यांतलं काही कवीनं सांगितलं नाही. मला तरी यात उणेपणा दिसत नाही. अकीकाच्या खलासारखा हा माणूस आहे. दुसऱ्याच्या आयुष्यात तो पुरता उतरला, पण आपला कण मिसळला नाही.

आपल्याकडेही अशी माणसं नावानं उरली आहेत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवरायांवरचा सय्यद बंडाचा वार जिवा महालानं अडवला. एका क्षणाचं काम. पण 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण झाली आणि साडेतीनशे वर्षांनंतरही खेड्यातला माणूस ती सहज बोलून जातो. होमरच्या ओडिसियसचा मित्र मेंटॉर याचंही तसंच. त्यानं मित्राच्या पाठीमागे त्याचं घर आणि मुलगा सांभाळला, आणि आज इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत नव्यानं लागलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी एक 'मेंटॉर' नेमून मिळतो. वीस वर्षं धन्याची वाट पाहणारा ओडिसियसचा आर्गोस कुत्रा तर सगळ्यांच्या ओळखीचा. उकिरड्यावर पडलेला, अंगावर गोचिड्या, उठायचं बळ नाही. भिकाऱ्याच्या वेषातला धनी त्यानं ओळखला, शेपूट हलवलं, कान पाडले आणि प्राण सोडला. मी ते पान फार वेळा वाचू शकत नाही.

नाव उरतं म्हणजे कुठे कुठे उरतं पाहा. गुरू ग्रहाच्या कक्षेत त्याच्या मागे आणि पुढे लघुग्रहांचे दोन तांडे फिरतात. खगोलशास्त्रज्ञांनी त्यांना ट्रॉयच्या युद्धातली नावं दिली, पुढच्या तांड्याला ग्रीकांची, मागच्याला ट्रॉयवासीयांची. ही रीत पक्की होण्याआधी १९०६ मध्ये सापडलेला पॅट्रोक्लस, अकिलिसचा जिवलग, चुकून शत्रूच्या तळात राहून गेला. त्याला आता एक जोडीदार सापडला आहे, दोघे एकमेकांभोवती फिरतात, आणि २०२१ मध्ये निघालेलं 'ल्यूसी' यान २०३३ मध्ये त्यांच्याजवळून जाणार आहे. ईनियस आणि अखातेस मात्र एकाच तळात आहेत. ११७२ क्रमांकाचा ईनियस १९३० मध्ये सापडला, ५१४४ क्रमांकाचा अखातेस १९९१ मध्ये. गुरूबरोबर सुमारे बारा वर्षांत सूर्याभोवती एक फेरा. म्हणजे गुरू सिंह राशीत येऊन नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो, तेव्हा आकाशात त्याच्या मागे हे दोघेही वाटेवर असतातच.

पण माझं मन रमतं ते दगडापाशी. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात थिओफ्रॅस्टसनं दगडांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की सिसिलीतल्या अखातेस नदीत एक सुंदर दगड मिळतो, त्याला नदीचंच नाव आहे आणि तो महाग विकला जातो. इंग्रजीतला 'अ‍ॅगेट' हा त्याच नावाचा झिजलेला उच्चार. आपण अकीक किंवा हकीक म्हणतो तो अरबी वाटेनं आलेला शब्द. नदी, दगड आणि मित्र, तिघांचं नाव एक. शिवाय अखातेसनं जिच्यातून ठिणगी पाडली ती गार आणि अकीक एकाच कुळातले, दोन्ही सिलिकाच.

आणि तो दगड रोमला कुठून जात होता? आपल्याकडून. व्हर्जिलनंतर शंभर वर्षांच्या आतच, पहिल्या शतकात, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस'. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तिथून या जातीचा दगड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असं त्यात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत पाण्यानं सिलिकाचे थरावर थर बसवले. माझ्या मण्यातल्या तीन रेघा हे ते थर. पैठणच्या गाडीवानाचा आणि रोमच्या वाचकाच्या बोटातल्या अंगठीचा संबंध असा होता, आणि वाटेत भडोच होतं, इथून उत्तरेला, तापी ओलांडलेल्या माणसाला फार लांब नाही.

भडोच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला अकीकाच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या टेकडीवर बावा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेले सिद्दी संत. अकीकाचा धंदा त्यांच्या आशीर्वादानं चालतो अशी कारागिरांची श्रद्धा, आणि पट्टेदार अकीकाच्या एका जातीला जुने व्यापारी 'बावाघोरी' म्हणत. तेव्हा या दगडावर परदेशातून आलेल्या आणखी एका सोबत्याचं नाव आहेच.

रतनपूरचा गोटा खंभातला जातो. आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातलं लोह तांबडं होतं, मातकट गोटा लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर गोटा टेकवून शिंगाच्या टोकाच्या हातोडीनं वरून हलके ठोके देतात, आणि मण्याचा आकार कपच्या-कपच्यांनी सुटत जातो. भोक पाडायला टोकाशी हिऱ्याचे कण बसवलेला सामता. सुरतेत हिऱ्याला पैलू पाडतात, इच्छापोरला तर जडजवाहिराची खास वसाहतच आहे. खंभातमध्ये तोच हिरा अकीकाची चाकरी करतो. मणी घडवण्याची विद्या नवी नाही, चार हजार वर्षांपूर्वी लोथलला अकीकाचे मणी होत होते.

यानंतर घासणं. फिरत्या सहाणेवर मणी धरायचा, आणि पांढरी धूळ उडते. ती सिलिकाची धूळ. श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसात राहते. सिलिकोसिस म्हणतात त्या रोगाला. तो बरा होत नाही. पुष्कळदा क्षय समजून त्यावर वर्षानुवर्षं औषधं दिली जातात.

निवृत्त झालो त्या संध्याकाळी भाई इच्छापोरच्या घरी आला आणि त्यानं हा मणी माझ्या हातावर ठेवला. त्याच्या वडिलांनी घासलेला. भोक जरा सरकलं म्हणून विकला गेला नाही, घरात राहिला. वडील अकीक घासायचे, मणी झाला की तळहातावर फिरवून उजेडाकडे धरायचे. चाळिशीत खोकला लागला, क्षयाची औषधं झाली, पन्नाशी त्यांनी पाहिली नाही. म्हणून आईनं भाईला त्या धंद्यात जाऊ दिलं नाही, शिकवलं, सुरतेला धाडलं. तीस वर्षं तो अकीकाच्या खलासमोर बसला आणि मला यातलं काही बोलला नाही. मीही कधी विचारलं नाही, आणि ते मला लागून राहिलं आहे.

एका नदीचं, एका मित्राचं, एका संताचं नाव या दगडावर आहे. ज्यांनी तो आपल्या श्वासाच्या मोलानं घासला त्यांचं एकही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते दूर करणं अवघड नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रं आहेत, ओलं घासता येतं, फक्त स्वस्तात मणी हवा असलेल्या गिऱ्हाइकानं आणि व्यापाऱ्यानं त्याचे पैसे द्यायला हवेत. तुम्ही कधी खंभातला गेलात, किंवा सुरतेच्या बाजारात अकीकाची माळ हातात घेतलीत, तर भाव विचारण्याआधी हे विचारा: ही कोणी घासली, आणि त्याच्या कारखान्यात धूळ ओढायचं यंत्र आहे का?