कुणाची गं तू?

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहायचं तर दोन लिहावी लागतील. एक आईनं ठेवलेलं, दुसरं पेनसिल्व्हेनियातल्या घरानं. पहिलं तिला कळलं तेव्हा ती चाळिशीला आली होती.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये आमची दारं समोरासमोर. ती क्री जमातीची, मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडच्या एका रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर, जन्मलेली. दीड वर्षाची असताना समाजकल्याण खात्याची बाई आली आणि तिला उचलून घेऊन गेली. फायलीत कारण नोंदवलं होतं: घरात माणसं फार, नळाचं पाणी नाही. (साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी तेव्हा नळ कुठं होता? पण आम्हाला न्यायला कुणी आलं नाही.)

ती एकटीच अशी गेली नव्हती. १९५१ साली कॅनडाच्या आदिवासींसाठीच्या ‘इंडियन’ कायद्यात दुरुस्ती झाली, प्रांतांची बालकल्याण खाती रिझर्व्हवर पोहोचली आणि पुढच्या तीन-चार दशकांत वीस हजारांहून जास्त आदिवासी मुलं घरांतून काढून बहुतेक गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. सस्कॅचेवानमध्ये १९६७पासून अशा मुलांच्या चक्क जाहिराती येत, वर्तमानपत्रात आणि टीव्हीवरही. मॅनिटोबातली कितीतरी मुलं सीमेपलीकडे अमेरिकेत गेली, तीही त्यांतलीच. न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी १९८५च्या अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. लोक याला ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणतात.

आपल्याकडे गावात शिरलेल्या पोरीला ओट्यावरची म्हातारी आधी विचारते, कुणाची गं तू? नाव मागाहून. तिच्या रिझर्व्हवरही तीच रीत. ती पहिल्यांदा परत गेली तेव्हा दुकानात एका म्हातारीनं विचारलंच. हिनं फायलीतलं आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं हातातली पिशवी खाली ठेवली. आई सहा वर्षांपूर्वीच गेली होती. दक्षिणेकडे कुणी निघालं की ती त्याला म्हणायची, माझी धाकटी कुठं दिसते का बघ.

माय मरो, मावशी जगो म्हणतात. हिच्या नशिबी ते शब्दशः आलं. मावशीनं घरात घेतलं. फार बोलली नाही, मण्यांचं काम शिकवायला बसली. एका सुईत मणी ओवायचे, दुसऱ्या सुईनं दोन-दोन मणी सोडून तो दोरा टाचत जायचं. मूसच्या कातड्याला धुराचा असा वास असतो की हात धुतले तरी जेवताना येतो. पाकळी वाकडी झाली तर मावशी उसवायला सांगत नसे, शेजारी स्वतःची एक भरून ठेवी.

तरी परतणं गोड नव्हतं. ही नुकसानभरपाईसाठी आली, असं एका भावाला वाटे. क्री येत नाही म्हणून पोरं हसत. आणि पेनसिल्व्हेनियातल्या आईवर तिचा खरंच जीव होता, दर रविवारी फोन असे. दोन्हीकडच्यांना ते खुपायचं.

२०१५मध्ये मॅनिटोबाचे प्रीमियर ग्रेग सेलिंजर यांनी विधिमंडळात माफी मागितली. २०१७मध्ये केंद्र सरकारनं ऐंशी कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातून माणशी २५,००० डॉलर मिळाले, मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांना मात्र त्यातून वगळलं. तिनं त्या पैशांतून आईच्या कबरीवर दगड बसवला आणि गाडीला बर्फाचे टायर घेतले. माफी आणि पैसे हवेतच, पण तू कुणाची हे सरकारला सांगता येत नाही. ते सांगायला कुणाला तरी तुझी आजी ठाऊक असावी लागते.

तिच्या स्वयंपाकघरात परतलेली माणसं जमत. कुणाचा अर्ज भरायचा, कुणाची जन्मनोंद मिळवायची, कुणाला पहिल्या भेटीला गाडीनं पोहोचवायचं. टेबलावर सूप आणि बॅनक ही जाडसर रोटी. नियम एकच: नव्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही. भाषा येते का, धूप घेता येतो का, काही विचारायचं नाही. मी भांडी विसळायला जायचे, तेवढाच माझा हातभार.

२०१८मध्ये तिच्या मावसबहिणीची मुलगी विनिपेगला बाळंतपणाला आली. तेव्हा ‘बर्थ अलर्ट’ची पद्धत होती: एखाद्या गरोदर बाईवर खात्याची नजर असली की हॉस्पिटलला आधीच कळवून ठेवत, बाळ झालं की खबर द्या. (मॅनिटोबानं ती २०२०च्या जुलैत बंद केली.) या पोरीचंही नाव त्या यादीत होतं, कारण ती स्वतःच सरकारी देखरेखीत वाढली होती. म्हणजे आईला उचललं म्हणून लेकरूही उचला. आमची बाई थर्मास आणि मण्यांचा डबा घेऊन खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली ती दोन रात्री हलली नाही. खात्याची कर्मचारी आली, फायल उघडून म्हणाली, “आपण बाळाच्या कोण?”

“आजी.”

“सख्ख्या?”

“आमच्यात तसं नसतं. आजी म्हणजे आजी. लिहा.”

तिनं लिहिलं. मग आमच्या बाईनं मावशीचा आणि रिझर्व्हवरच्या आणखी चौघींचा फोन नंबर लिहून घ्यायला लावला. तिसऱ्या दिवशी बाळ आईबरोबर घरी गेलं.