रहीम मास्तरांचं मैदान

२०२४च्या रमजान ईदला ‘मैदान’ हा सिनेमा आला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सय्यद अब्दुल रहीम यांचे फोटो फिरू लागले. फोटोखाली बहुतेकांनी एकाच आशयाचं वाक्य लिहिलं होतं. मुसलमानांनीही देशाला सुवर्णपदक मिळवून दिलंय. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यातला ‘ही’ मला खटकला. या एका अक्षरात आपण सतत कुणाला तरी पुरावा देत असतो. रहीम साहेबांची आठवणही आपण त्या पुराव्याच्या फाइलीत लावून टाकली, तर त्यांनी आयुष्यभर जे काम केलं ते बाजूलाच राहतं. म्हणून आज त्या कामाविषयी लिहितो आहे.

रहीम यांचा जन्म १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. केलं आणि शाळेत मास्तर झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांत शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला. तरुणपणी हैदराबादच्या क्लब फुटबॉलमध्ये चांगले खेळाडू म्हणून त्यांचं नाव होतं. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

हे हैदराबाद आपल्याला परकं नाही. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन आणि त्यानंतरची कत्तल आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून दबक्या आवाजात येते. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. या उलथापालथीनंतर दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. त्या संघाने मुंबईच्या कुपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं तो हैदराबादलाच गेला.

त्याच काळात राष्ट्रीय संघही त्यांच्याकडे आला. १९५१ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या गोलवर भारताने इराणला १-० ने हरवलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले.

मला रहीम यांचं मोठेपण दिसतं ते या दहा गोलनंतरच्या चार वर्षांत. ते जुन्याच चालीला चिकटून बसले नाहीत. हंगेरीचा संघ तेव्हा युरोप गाजवत होता. सेंटर फॉरवर्डला मागे ओढून खेळवण्याची त्यांची पद्धत रहीम यांनी उचलली. १९५८च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलमुळे ४-२-४ची रचना जगभर गाजली, पण रहीम त्या दिशेने आधीच निघाले होते. हैदराबादच्या पोरांसाठी ते भन्नाट स्पर्धा भरवायचे. एखाद्या स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, म्हणजे चेंडू पायात घोळवत बसायचं नाही, लगेच पास द्यायचा. एखाद्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. सवयीच्या पायाचा आधार काढून घेतला की दुसरा पाय शिकतो, हे कळायला वर्गात पोरं शिकवलेला माणूसच लागतो.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याचं फळ दिसलं. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ ने हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. या वेळी ४-१ अशी हार झाली आणि भारत चौथा राहिला. अझिझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबादची मुलं त्या संघात होती.

मग १९६२, जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम यांनी त्यालाच पुढच्या सामन्यांत सेंटर फॉरवर्ड केलं. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही. ४ सप्टेंबरला त्याच दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा होता, दुसरा जर्नेलचा.

त्या दिवशीचं स्टेडियम आठवण्यासारखं आहे. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, म्हणून सगळं जकार्ता भारतावर भडकलेलं. राष्ट्रगीतालाही हुर्यो उडवली गेली. जगातल्या एका मोठ्या मुस्लिम देशात भारताचा मुस्लिम प्रशिक्षक भारतीय म्हणून शिव्या खात बाकावर बसला होता. आणि भारतासाठी टाळ्या वाजवत होता पाकिस्तानचा हॉकी संघ, असं त्या सामन्यातल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं. ज्यांना धर्मावरून माणसाची बाजू ठरवायची घाई असते, त्यांनी हे दृश्य एकदा डोळ्यांसमोर आणावं.

तेव्हा रहीम यांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. ११ जून १९६३ला ते गेले, वयाच्या ५३व्या वर्षी. त्यांना ना पद्म मिळालं, ना द्रोणाचार्य. द्रोणाचार्य पुरस्कार सुरूच झाला १९८५मध्ये.

पण त्यांची तालीम मागे राहिली. १९७०च्या आशियाई खेळांत भारताला कांस्य मिळालं तेव्हा कर्णधार होते हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांत होते रहीम यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी. नईमुद्दीनही पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आशियाई खेळांत फुटबॉलचं ते आपलं शेवटचं पदक. मास्तर गेल्यावर शाळा आठ वर्षंही धड टिकली नाही, असाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे तरुण पोरांच्या प्रश्नांवर सभा होतात. शिक्षण, नोकरी, व्यसन, सगळ्यावर भाषणं होतात. मला मात्र एवढंच विचारावंसं वाटतं, आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत खेळाचे मास्तर आहेत का? शाळेला मैदान उरलंय, की त्यावर शादीखाना उभा राहिलाय? रहीम यांच्या फोटोपुढे मान झुकवणं सोपं आहे. त्यांच्यासारखा एक माणूस रोज संध्याकाळी मैदानावर उभा करायचा, तर त्याला पगार द्यावा लागेल, चेंडू द्यावे लागतील आणि दहा गोल खाऊन हरल्यावरही चार वर्षं त्याच्यावर भरवसा ठेवावा लागेल.