समक्ष भेट

नव्या करारातील योहानाची दुसरी व तिसरी ही पत्रे इतकी लहान आहेत की, आधणाला उकळी फुटण्यापूर्वी दोन्ही वाचून व्हावीत. दोहोंच्या शेवटी लिहिणारा जवळजवळ एकच गोष्ट कळवितो. सांगावयाचे पुष्कळ उरले आहे, परंतु ते लेखणीच्या हवाली करण्याची त्याची इच्छा नाही. स्वतः येऊन बोलण्याची त्यास आशा आहे. मूळ ग्रीकात या जागी 'मुखामुखी' अशा अर्थाचे शब्द आहेत. मौज ही की, एवढे कळविण्यासाठीही त्यास शाईच घ्यावी लागली. त्याने दौत फेकून दिली नाही. मात्र पत्र म्हणजेच भेट, अशी स्वतःची समजूतही करून घेतली नाही.

मोबाईल घरोघर झाल्यापासून आम्हांस हा भेद वारंवार आठवतो. आम्ही वर्ध्याचे. दिवेलागणीनंतर सर्वांनी एकत्र बसावे, शास्त्रातील एक उतारा वाचावा, एखादे गीत म्हणावे आणि लहानथोरांची नावे घेऊन प्रार्थना करावी, ही कौटुंबिक उपासनेची चाल आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून आहे. दिवसभर भांडलेली भावंडे एकाच सतरंजीवर बसली म्हणजे प्रार्थना संपेपर्यंत रुसवा टिकविणे मोठे कठीण जाई. अलीकडे त्याच घटकेस एकाच्या हाती क्रिकेटचा सामना, तर दुसऱ्याच्या हाती कचेरीचा निरोप असतो. घर भरलेले, आणि सतरंजी मात्र रिकामी!

तथापि या यंत्रास नुसती दूषणे देणे कृतघ्नपणाचे होईल. 2020 साली टाळेबंदीत 12 एप्रिल रोजी पुनरुत्थानाचा सण आला, तेव्हा चर्चची दारे बंद होती. पाळकसाहेबांचा आवाज मोबाईलमधूनच घरात आला, आणि त्या भयाच्या दिवसांत तो फार मोलाचा वाटला. पण प्रभुभोजनाची भाकर काही त्या काचेतून हाती येऊ शकली नाही. शब्द आला, स्वर आला, मुद्राही दिसली. देणाऱ्याचा हात तेवढा आला नाही. देवाने माणसांस केवळ निरोप धाडला नाही, तर तो देह धारण करून त्यांच्यांत राहावयास आला, ही ज्यांची श्रद्धा, त्यांच्या घरांनी तरी निरोप आणि हात यांतील अंतर विसरू नये.

आमची कन्या नोकरीनिमित्त बंगळूरास असते. मोबाईलवर तिचे हसरे तोंड दिसले की, आम्हां उभयतांचे समाधान होई. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींचे मात्र होत नसे. "तोंड दिसते बापा," त्या म्हणत, "पण पाठीवरून हात फिरविल्याशिवाय पोरगी वाळली की भरली, हे कसे कळावे?" नाताळास कन्या घरी आली, तेव्हा त्यांनी काही न विचारता प्रथम तिच्या पाठीवरून हात फिरविला. मधल्या काळात नोकरी सुटली होती, दुसरी मिळेपर्यंतचे चार महिने तिने पडद्यावर हसून काढले होते. ते सारे त्या एका स्पर्शासरशी डोळ्यांवाटे बाहेर आले.

मराठी ख्रिस्ती कुटुंबाचा विषय निघाला म्हणजे टिळक दांपत्याचे स्मरण होणारच. 1895 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या पतीच्या गावी व अखेर त्यांच्याच छपराखाली राहिल्या. प्रथम सोवळेओवळे व स्वयंपाक वेगळा सांभाळून. सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दूर राहून जे उलगडले नसते, ते रोजच्या सहवासात, कुरबुरींसह, उलगडले. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणारास हे निराळे सांगावयास नको.

मग यंत्राचे करावे काय? आमच्या जिल्ह्यातच सेवाग्राम आहे. तेथील कचेरीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळी बसविलेला टेलिफोन आजही दाखवितात. देशाच्या मोठ्या वाटाघाटींसाठी गांधीजींनी तो येऊ दिला. परंतु सायंप्रार्थनेस सर्व मंडळी उघड्या मैदानावर, एकमेकांशेजारी, जमिनीवरच बसत. यंत्राची जागा कचेरीत, माणसांची मैदानात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली असाच विचार केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की, मोबाईल व टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. गावास भोंगा लागला; घरास वडीलधाऱ्यांची एक हाक पुरावी.

आमच्या घरी आता उपासनेच्या वेळी सर्व मोबाईल फडताळात जातात. एक तेवढा सतरंजीवर, मातोश्रींच्या मांडीशी, उघडा असतो. तो दूर असलेल्या लेकीसाठी. प्रार्थना आटोपली की, "कशी आहेस?" असे मातोश्री तिला विचारीत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो: "कधी येतेस?"