बॉनेटखालचा दसरा

मोटार धुणं आणि मोटारीचं इंजिन धुणं यांत तोंड धुणं आणि पोट साफ असणं यांच्याइतकंच अंतर आहे. पहिली गोष्ट चारचौघांसाठी असते. दुसरीचं सुख ज्याचं त्यालाच ठाऊक. साताऱ्यात आमच्या गल्लीत रविवारी सकाळी निदान पाच गाड्यांना अभ्यंगस्नान घडतं. बादल्या येतात, फडकी येतात, काचांवर वर्तमानपत्राचे बोळे फिरतात. पण एखादा गृहस्थ बॉनेट उघडून आत हात घालताना दिसला, की जाणारे-येणारे थबकतात आणि सुतकी आवाजात विचारतात, "काय हो, बंद पडली वाटतं?"

बंद पडल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, ही आपली परंपराच आहे. घरातल्या माळ्याचं जे, तेच गाडीच्या बॉनेटचं. आत काय आहे हे सर्वांना अंधूकपणे माहीत असतं, म्हणून तर कोणी उघडत नाही.

मी मात्र दर वर्षी खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी बॉनेट उघडतो. शस्त्राची पूजा करायची, तर शस्त्र आधी घासायला नको? बाहेरून झेंडूची माळ घालायची, आणि आत कासच्या रस्त्याचा तांबडा चिखल, वाळकी पानं आणि कुण्या उंदरानं बॅटरीशेजारी बसून निवांतपणे सोललेल्या भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं! देवीला आतलं दिसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल टप पुसून थांबावं.

याचंही एक शास्त्र आहे. इंजिन पूर्ण गार हवं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर लोखंडही माणसासारखं चिरफाळतं. मग बॅटरीची वायर काढायची. आधी वजाची, नंतर अधिकची, आणि लावताना बरोब्बर उलट. टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुललेलं असतं. त्यावर गरम पाण्यात कालवलेला खायचा सोडा टाकला, की भज्यांच्या घाण्यासारखा फसफसाट होतो. तिथं टोकं कोरडी करून व्हॅसलीन चोपडायचं. जिथं जिथं वीज आहे, म्हणजे अल्टर्नेटर, कॉइल, फ्यूजचा डबा, तिथं तिथं दुधाच्या रिकाम्या पिशव्या रबरबँडनं बांधायच्या. एअर फिल्टरचं तोंड बंद करायचं. एवढं झाल्यावर इंजिन ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटसारखं दिसू लागतं.

पूर्वी पुढचं काम रॉकेल करायचं. आता रॉकेल औषधालाही मिळत नाही, म्हणून डिग्रीझर नावाचा फवारा आणावा लागतो. तो मारायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि रंगाचा ब्रश व निवृत्त झालेले टूथब्रश घेऊन घासायला बसायचं. आमच्या घरात टूथब्रश वेळेच्या आधीच निवृत्त होतात, असा आमच्या सौभाग्यवतींचा आरोप आहे. पाणी ओतायचं ते तांब्यानं. पाइपचा जोरदार फवारा मारला, की पाणी नको त्या सांध्यांत शिरतं आणि मग गाडी रुसते. शेवटी फडक्यानं टिपायचं, सांदीकोपऱ्यात सायकलच्या पंपानं वारा घालायचा, पिशव्या सोडायच्या आणि गाडी दहा मिनिटं जाग्यावर चालू ठेवायची.

हे सगळं करून चकचकीत इंजिन मी आमच्या मेस्त्रीला दाखवायला नेलं. त्यानं डोळे बारीक केले.

"विकायची हाय काय, साहेब?"

"नाही हो."

"मग कुठं गळत होतं?"

त्याचा संशय रास्त होता. आपल्याकडं इंजिन धुतात ते दोनच वेळी: गाडी विकताना, नाहीतर गळती लपवताना. पुष्कळदा दोन्ही कारणं एकच असतात. पण मेस्त्रीनंच मग मला या शास्त्रातलं मुख्य सूत्र सांगितलं. म्हणाला, "धुतलं ते झाक केलं. आता चार दिवस चालवा आनि परत उघडून बघा. सगळीकडंच काळं असलं की तेल कुठनं येतंय ते ब्रम्हदेवाला कळत न्हाई. स्वच्छ पत्र्यावर एक थेंब आला तरी वरडून सांगतो." म्हणजे इंजिन धुवायचं ते चकाकीसाठी नव्हे, दोष दिसावा म्हणून!

हे तत्त्वज्ञान मी सांगलीला जाऊन मामांना ऐकवलं. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कऱ्हाड मागं टाकायचं, पेठ नाक्याला वळायचं, आष्ट्याला चहा घ्यायचा, की आलीच. मामा गणिताचे निवृत्त मास्तर, आणि त्यांची १९९६ सालची मारुती ८०० म्हणजे त्यांचा दुसरा विषय. तिच्या इंजिनाला मामांनी कधी पाण्याचा थेंब लावला नव्हता.

"अरे, तेलाचा थर म्हणजे गाडीचं बनियन," मामा म्हणाले. "गंज धरत नाही. तुम्ही सातारकर उगं काढायला लागलाय."

मामांचं बनियन शेवटी कृष्णामाईनं काढलं.

ऑगस्ट २०१९. सांगलीकर नदीचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. २००५च्या महापुरात ते मामांच्या आवारात जिथपर्यंत आलं होतं, तिथं मामांनी भिंतीवर तांबडी रेघ मारून ठेवली होती आणि गाडीसाठी त्या रेघेच्या वर हातभर जोतं बांधून घेतलं होतं. "गणित चुकलं नव्हतं," मामा आजही सांगतात, "नदीनं उदाहरणच बदललं."

मामा-मामी शेजारच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होते. गाडी मात्र टपापर्यंत बुडाली. मी फोनवर ओरडून सांगितलं, "मामा, पाणी ओसरलं तरी किल्ली फिरवू नका!" सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, किल्ली फिरवली की आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो.

"किल्ली तुझ्या मामीच्या कनवटीला आहे," मामा म्हणाले. "तिथून माझ्याच्यानं निघत नाही, नदीची काय कथा?"

रस्ता सुरू झाल्यावर गेलो. गॅरेजांपुढं गाड्यांच्या रांगा, म्हणून सगळं घरीच करायचं ठरलं. मामांच्या ओळखीच्या एका मेस्त्रीनं प्लग काढले, इंजिनातलं पाणी बाहेर काढलं. ऑइल काढलं तर चहा निघाला. पाणी मिसळलेलं ऑइल हुबेहूब दुधाळ चहासारखं दिसतं. ते दोनदा बदललं, कार्बोरेटर खोलला. पण चिखल? पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो आणि वाळला की गिलाव्यासारखा धरतो.

"कृष्णा महाबळेश्वरची, कोयनाही तिथलीच," मामा फावड्यानं आवार खरवडत म्हणाले. "पाणी पाठवलं सातारा जिल्ह्यानं, चिखल काढायचा सांगलीनं. न्याय आहे?"

म्हणून साताऱ्याच्या वतीनं मी ब्रश घेऊन बसलो. खरं काम केलं ते मामींनी. देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासून ज्यांची हयात गेली, त्यांना कोपरे कसे काढायचे हे कोणी शिकवावं लागत नाही. घरात तेव्हा पुसायचं काय कमी होतं? गाद्या गेल्या होत्या, धान्य गेलं होतं, लग्नातले फोटो दोरीवर वाळत होते. तरी मामी रोज तासभर त्या इंजिनाशी बसायच्या. एकदा म्हणाल्या, "गेलं ते परत येत नाही रे. हे एक येईलसं वाटतंय, म्हणून घासते."

त्याच दिवसांत जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आला. म्हणाला, "मास्तर, इंजिन चकाचक करतो, सीट बदलतो, लांब नेऊन विकतो. पुरातली म्हणून शंकासुद्धा येणार नाही कुणाला."

मामांनी त्याला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत पोचवलं. परत येऊन बॉनेटखाली वाकले. मामी मागचा पत्रा घासत होत्या. मामांनी त्यांचा हात धरला. "इथलं दोन बोटं राहू दे. पुसू नकोस."

८ ऑक्टोबरला दसरा होता. मेस्त्रीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, निळा-पांढरा धूर ओकली, आणि लागली. मामींनी झेंडूची माळ घातली. बाहेरून नव्हे, बॉनेट उघडून आत.

मामांना ती गाडी चालवायचा धीर पुढं झाला नाही. संक्रांतीनंतर एक तरुण ती शिकण्यासाठी म्हणून बघायला आला. मामांनी किंमत सांगायच्या आधी बॉनेट उघडलं आणि दोन बोटं चिखलाचा पट्टा दाखवला. "इथून वर पाणी होतं. आता काय विचारायचं ते विचारा."

पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, चार ठिकाणी फिरलो. सगळ्यांची इंजिनं आरशासारखी. पूर आला होता असं कुणीच म्हटलं नाही. द्या ही."

गाडी गेल्यावर मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दीड महिना घासून घासून बोटं गेली माझी, आणि गाडी विकली गेली ती न घासलेल्या दोन बोटांवर!"