मेलबर्नचे चार फुटबॉल

मेलबर्न शहरीं जाणाऱ्या आपल्याकडील मनुष्यास पहिल्या आठवड्यांतच एक जुना शब्द नव्यानें शिकावा लागतो. ‘फुटबॉल’ म्हणजे वाटोळा चेंडू, अकरा गडी आणि दोन जाळीं, अशी आपली समजूत असते. त्या शहरांत फुटबॉल, अगर लाडानें ‘फूटी’, म्हटलें कीं लंबगोल चेंडू, अंडाकृति मैदान, अठरा गडी आणि दोन्ही टोकांस चार चार खांब, असा निराळाच खेळ लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आपला फुटबॉल तेथें ‘सॉकर’ होतो. सिडनीस गेलें तर फुटबॉल म्हणजे तेरा गड्यांची रग्बी लीग. आणि पंधरा गड्यांची रग्बी युनियन हें त्या घराण्यांतलें चौथें भावंड. १९७८ सालीं इयान टर्नर नांवाच्या इतिहासकारानें ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेघ कल्पून तिच्या एका अंगास रग्बीचा मुलूख व दुसऱ्या अंगास फूटीचा मुलूख असा वांटा करून दिला, आणि तिला रॉन बरासी या नामांकित फूटीपटूचें नांव दिलें. आपल्याकडे भाषावार प्रांत झाले, तिकडे हे क्रीडावार!

२०२३ च्या जुलै-ऑगस्टांत, म्हणजे तिकडील ऐन हिंवाळ्यांत, आम्ही तेथें आमच्या भाच्याकडे मुक्कामास होतों. घर बेताचें, परंतु तीन पिढ्यांचें. भाच्याचे सासरे कोल्हापूरचे. मुलीकडे सहा महिन्यांकरितां आलेले. ज्या गांवीं कुस्तीची तालीम आणि फुटबॉलचा संघ एकाच नांवानें नांदतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जातें आणि पराभवाचा शोक पेठेंत आठवडाभर पुरतो, त्या गांवचें हें पाणी! मेलबर्नांत नव्या ओळखीच्या माणसास पहिला प्रश्न ‘तुम्ही कोणत्या संघाचे?’ असा विचारण्याची रीत आहे. शेजाऱ्यानें तो विचारतांच आमचे व्याही निःशंकपणें म्हणाले, “पाटाकडील.” तो बिचारा हें शहराचें एखादें नवें उपनगर असावें असें समजून मान डोलावून गेला.

त्यांची अकरा वर्षांची नात मात्र फूटीची कट्टर भक्त. दर रविवारीं ती उपनगरांतील मुलींच्या संघाकडून खेळते. घरांत दूरचित्रवाणीचा पडदा एक, आणि शनिवारीं संध्याकाळीं त्यावर चारी फुटबॉल निरनिराळ्या वाहिन्यांवर एकाच वेळीं चाललेले. तेव्हां आजोबा आणि नात यांच्यांत जो वाद माजे, तो आम्हीं एक महिना मोठ्या आवडीनें ऐकला.

“हा खेळ आहे, का एस.टी. स्टँडावरची झुंबड?” आजोबांचा पहिला आक्षेप. “चेंडू हातांत घेऊन पळायचें, त्याला फुटबॉल कोण म्हणेल?”

“आजोबा, तुमच्या खेळांत दीड तास माणसें पळतात आणि कांहींच होत नाहीं,” हें नातीचें ठरलेलें उत्तर.

आजोबांच्या आक्षेपाचा पहिला भाग विचार करण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटलें; कारण पडद्यावर फूटी खरोखरच झुंबडीसारखी दिसते. परंतु यांत खेळापेक्षां कॅमेऱ्याचा दोष अधिक. सॉकरचें मैदान सुमारें १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद. त्याचा मोठा भाग एका चौकटींत बसतो, आणि कोणता गडी कोठें उभा आहे, कोणती वाट मोकळी आहे, हें पाहणाऱ्यास चेंडूच्या आधीं कळतें. रग्बी लीग तर पडद्याकरितांच निर्माण झाली कीं काय असें वाटावें: दोन ओळी समोरासमोर, सहा वेळां पाडाव झाला कीं चेंडू दुसऱ्यांकडे, पाहणाऱ्यास श्वास घेण्यास मधून मधून सवड. फूटीचें मैदान मात्र सॉकरच्या सुमारें अडीचपट. छत्तीस माणसें त्यावर विखुरलेलीं, ऑफसाइडचें बंधन मुळींच नाहीं, आणि चेंडू एका लाथेसरशीं पन्नास मीटर जातो. कॅमेरा चेंडूमागें धांवतो, आणि जें पाहावयाचें तें चौकटीबाहेर घडत असतें.

हें आम्हांस समजलें तें मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर प्रत्यक्ष गेल्यावर. हें मैदान आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें अजिंक्य रहाणे यांनीं ११२ धावा काढून भारतास सामना जिंकून दिला तो याच हिरवळीवर. सुमारें एक लाख प्रेक्षक बसूं शकणाऱ्या त्या वाटोळ्या दरींत उंचावरून पाहिलें तेव्हां झुंबड विरघळली. चेंडूपासून साठ-सत्तर मीटरांवर एक गडी आपल्या पाठीराख्यास हूल देऊन मोकळ्या जागेकडे धांव घेतो, लाथ मारणारा त्याच्याकडे न पाहतां पुढच्या रिकाम्या जागेकडे चेंडू धाडतो, आणि तिघांच्या खांद्यांवरून उडी घेऊन चौथाच तो झेलतो. लाथेचा चेंडू पंधरा मीटरांहून दूर जाऊन झेलला गेला कीं त्यास ‘मार्क’ म्हणतात. झेलणाऱ्यास मग कोणी अडवीत नाहीं. चेंडू घेऊन पळतांना दर पंधरा मीटरांस तो जमिनीवर आपटावा लागतो, आणि हातानें द्यावयाचा तर फेकून नव्हे, मुठीनें ठोसून. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. गोल झाला कीं पंच दोन निशाणें फडकावितो, तें दृश्य मोठें मौजेचें असतें. आमचे व्याही पहिली पाऊण घटका हाताची घडी घालून बसले होते. तिसऱ्या डावांत ते उभे राहिले. मात्र परत येतांना त्यांनीं मत बदलल्याचें कबूल केलें नाहीं. भोंवतालच्या मंडळींच्या हातांतील मांसाच्या पोळ्यांचा वास तेवढा आम्हां दोघांस अखेरपर्यंत सहन करावा लागला. आमचा निर्वाह बटाट्याच्या तळलेल्या कापांवर झाला.

मैदानाच्या बाहेर टॉम विल्स यांचा पुतळा आहे. इंग्लंडांत रग्बी शाळेंत शिकून आलेल्या या क्रिकेटपटूनें जुलै १८५८ मध्यें एका वृत्तपत्रांत पत्र लिहून, हिंवाळ्यांत खेळाडूंचें अंग सुस्तावूं नये म्हणून फुटबॉलचा संघ काढावा, असें सुचविलें. १८५९ च्या मे महिन्यांत मेलबर्न क्लबानें नियम लिहून काढले. लंडनांतील असोसिएशननें आपले नियम केले ते १८६३ सालीं. म्हणजे ज्याला आमचे व्याही ‘खरा फुटबॉल’ म्हणतात, त्याच्या छापील नियमांहून ही ‘झुंबड’ चार वर्षांनीं वडील! तेथील मूळ रहिवाशांच्या ‘मार्नग्रूक’ नामक चेंडूच्या खेळाची छाया हिच्यावर आहे कीं नाहीं, याविषयीं पंडितांत अद्यापि वाद आहे. आणि ‘सॉकर’ हा शब्द अमेरिकेनें बिघडविला असें मानून नाक मुरडणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं ‘असोसिएशन’ शब्दाचा हा लचका इंग्रज विद्यार्थ्यांनींच तोडला आहे.

नातीच्या ‘कांहींच होत नाहीं’ या आक्षेपास मात्र उत्तर देणें कठीण. फूटींत एका सामन्यांत वीस-पंचवीस गोल सहज होतात. दहा-बारा गुणांची पिछाडी शेवटच्या चतुर्थांशांत भरून निघते. सॉकरांत एक गोल म्हणजे आयुष्यभराची ठेव. मेलबर्नकरांना ही गोष्ट एकदां फार महाग किंमत देऊन कळली. २९ नोव्हेंबर १९९७ रोजीं याच मैदानावर विश्वचषकांत प्रवेश मिळविण्याकरितां ऑस्ट्रेलिया व इराण यांचा सामना झाला. पंच्याऐंशी हजार लोक जमलेले. ऑस्ट्रेलिया दोन गोलांनीं पुढें. एका उपद्व्यापी इसमानें मैदानांत शिरून जाळें फाडलें म्हणून खेळ थांबला. आणि मग शेवटच्या पाव तासांत इराणनें दोन गोल केले. तेहरानमधील सामना १–१ असा सुटलेला असल्यामुळें, परक्या मैदानावरील गोलांच्या नियमानें ऑस्ट्रेलिया बाहेर पडली. त्यानंतर विश्वचषकाचें दार उघडण्यास २००५ साल उजाडावें लागलें.

पडद्याची कथा याहून विचित्र. मेलबर्नांत दूरचित्रवाणी आली १९५६ सालीं, ऑलिंपिकच्या तोंडावर. पुढच्याच वर्षीं फूटी तिच्यावर दिसूं लागली. परंतु घरीं बसून दिसलें तर मैदानावर कोण येईल, ही धास्ती चालकांस इतकी कीं अंतिम सामना खुद्द मेलबर्नांत घडत असतांना त्या क्षणीं मेलबर्नकरांस दिसूं लागला तो १९७७ पासून. सॉकरचें उलट झालें. महायुद्धानंतर ग्रीक, इटालियन, क्रोएशियन असे लाखो लोक आले. त्यांनीं आपापल्या वस्तींत आपापले संघ काढले, आणि स्थानिकांनीं त्या खेळास परक्यांचा खेळ म्हणून हिणविलें. १९८० मध्यें बहुभाषी प्रजेकरितां सरकारनें एसबीएस ही वाहिनी काढली, तेव्हां हंगेरीहून मुलाच्या वयांत आलेले लेस मरे आणि माजी कर्णधार जॉनी वॉरन यांनीं तिच्यावरून सॉकरची बाजू वर्षानुवर्षें लढविली. युरोपांतील सामने तेथें पहाटे दिसत. घरांतील म्हातारे उठत, आणि मुलें झोंपलेलीं असत.

मुलें झोंपलेलीं असत, कारण तीं दुपारीं फूटी खेळून दमलेलीं असत. १९७० च्या अंतिम सामन्यांत १,२१,६९६ प्रेक्षकांसमक्ष ज्याचा झेल आजही वाखाणला जातो, तो अ‍ॅलेक्स जेसॉलेन्को साल्झबर्ग येथें निर्वासित आईबापांच्या पोटीं जन्मला होता. जुन्या मंडळींना अशा मुलांचा अभिमानही वाटला असेल आणि चुकचुकल्यासारखेंही झालें असेल. तें दुसरें वाटणें आम्हीं आमच्या व्याह्यांच्या मुद्रेवर पाहिलें. नात कोणता खेळ खेळते यापेक्षां, आपण बालपणीं ज्या नांवांनीं भारून गेलों त्यांतलें एकही नांव तिला ठाऊक नसावें, हें त्यांना अधिक लागत असे. तिची आई या वादांत कधीं पडत नसे. एके दिवशीं आम्हीं कारण विचारलें. ती म्हणाली, “मामा, शाळेचें, मैत्रिणींचें ती सगळें इंग्रजींतच सांगते. आजोबांशीं भांडते तेवढा अर्धा तासच ती सलग मराठी बोलते.”

१२ ऑगस्टच्या शनिवारीं महिलांच्या विश्वचषकांत ऑस्ट्रेलियाची फ्रान्सशीं ब्रिस्बेन येथें गांठ पडली. दोन तास उलटले, गोल नाहीं. नात जमिनीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर. ‘कांहींच होत नाहीं’ हें तिचें पालुपद त्या दिवशीं ऐकूं आलें नाहीं. मग पेनल्टीच्या लाथा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंच्या दहा दहा मुली पाळीपाळीनें पुढें आल्या आणि ऑस्ट्रेलिया ७–६ अशी जिंकली, तेव्हां तिनें आजोबांचा हात इतका दाबून धरला होता कीं वळ उठले. आजोबा कांहीं बोलण्याच्या तयारींत होते. इतक्यांत तिनें वाहिनी बदलली, कारण कार्लटन व मेलबर्न यांचा फूटीचा सामना लागणार होता. चारच दिवसांनीं इंग्लंडनें ऑस्ट्रेलियास ३–१ असें हरविलें. तो सामना सरासरी ७० लाखांहून अधिक लोकांनीं पाहिला. २००१ पासून सुरू झालेल्या तिकडील गणनेंत तोंवर एवढा आंकडा कशासच पडला नव्हता.

येत्या रविवारीं सकाळीं नेहमीप्रमाणें नातीचा सामना. पाऊस भुरभुरत होता, मैदानाचा चिखल झालेला. आजोबा डोक्यास मफलर गुंडाळून कुंपणाशीं उभे. प्रतिपक्षाची एक उंच मुलगी एकटीच खांबांजवळ चेंडूची वाट पाहत थांबलेली दिसतांच त्यांनीं शाहू स्टेडियमला शोभेल अशी आरोळी ठोकली, “अहो पंच, ऑफसाइड! डोळे आहेत का नाहींत?” पंचाला अक्षर कळलें नाहीं. पलीकडच्या टोकाकडून मात्र चिखलानें माखलेली एक मूर्ति ओरडली, “आजोबा, इथं ऑफसाइड नसतो! किती वेळां सांगूं?”